वंशावळीत आपण कुठं?

(गडहिंग्लज इथं महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. पणजोबांचं नाव कितीजणींना सांगता येईल? बरेच हात वर झाले. आता पणजीचं नाव सांगा. सासरी ठेवलेलं नव्हे, माहेरचं. बघा, हात खाली गेले.

आपल्या भागात सुगी झाली की हेळवी यायचे. बैलावरून दारात येऊन वही उघडायचे आणि घराण्यातली नावं मूळ पुरुषापासून धडाधडा वाचायचे. मग सुपातून धान्य घालून त्यांना वाटेला लावायचं. लहानपणी सात पिढ्यांची नावं ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं, की त्या सात पिढ्यांत कुणालाच आई नव्हती, बहीण नव्हती. दोष हेळव्याचा नाही. घरानं सांगितलं तेच त्यानं लिहिलं.

वडील वारले तेव्हा हे कोडं माझ्या दारात आलं. जमिनीला वारस लावायचे तर प्रतिज्ञापत्रावर वंशावळ लागते. घरातल्या कर्त्यांनी ती लिहून आणली. त्यात भाऊ होते, पुतणे होते. आम्ही दोघी बहिणी नव्हतो. मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "तुम्ही दिल्या घरच्या." म्हणजे हेळव्याच्या वहीत जे झालं, तेच सरकारी कागदावर होणार होतं. फरक इतकाच, की तिथं नाव जातं, इथं नावाबरोबर जमीन जाते.

मी सही केली नाही. आणि त्याच दिवसापासून घरातल्या बायका शोधायला लागले.

पुरुषांचा माग काढणं सोपं. एक गाव, एक चावडी, एक आडनाव. बाईचा माग गावोगाव फिरतो. माझी आजी संकेश्वरची, तिची आई नेसरीकडची. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि आजीचं माहेर दुसऱ्या राज्यात गेलं. तिथले सरकारी कागद आज कन्नडात. आम्हाला लग्नाची सोयरीक दोन्हीकडची, कागद मात्र दोन राज्यांत वाटलेला. शेवटी उपयोगी पडली ती कागदापेक्षा आत्या. ओट्यावर बसून तिनं कोण कुठून आली, कोण बाळंतपणात गेली, कुणाला टाकली, सगळं सांगितलं. एका दुपारी माझी वही भरली.

बाईवरून वंश लिहिता येत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला आपल्या गावाची आठवण द्या. इथं १९७५ साली देवदासींची परिषद भरली होती. देवदासीच्या घरात वंश आईवरूनच चालत आला. पण त्याच आईच्या लेकराला शाळेत बापाचं नाव विचारून मान खाली घालायला लावली गेली. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं, मग वडिलांचं नाव येतं. चांगलं झालं. पण नावाच्या रकान्यात आलेली आई सातबाऱ्यावरही यायला हवी.

कायदा आपल्या बाजूला आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलींना जन्मानं हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. त्या दिवशी वडील हयात नसले तरी हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र मोडत नाही.

तर घरी गेल्यावर काय करायचं? घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. प्रत्येकीचं माहेरचं नाव, गाव, लेकी, सगळं लिहा. तलाठ्याकडून जुने फेरफार मागा आणि मुलींची नावं गाळली आहेत का, की नुसती 'इतर हक्क' या रकान्यात ढकलली आहेत, ते बघा. वारसाच्या अर्जात वारलेल्या बहिणीची मुलंही लिहा. आणि राखीच्या ताटात हक्कसोडपत्र आलं तर वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. एकदा नोंदणी झाली की ते मागं फिरवणं फार अवघड.

माहेर तुटेल ही भीती मलाही होती. भाऊ दीड वर्ष बोलला नाही. आता बोलतो. फेरफारावर आम्हा बहिणींची नावं लागली आहेत. यंदा हेळवी आला तर त्याच्या वहीतही ती घालायला सांगणार आहे. त्याला धान्य नेहमीपेक्षा एक सूप जास्त घालीन.