पावसाळ्याआधी टायर पाहा

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला जाणारा रस्ता जंगलातून जातो. पावसाळ्यात ओल्या डांबरावर रानडुक्कर किंवा चितळ अचानक आडवे आले, तर मोटार थांबवायची असते ती जमिनीला टेकलेल्या, तळहाताएवढ्या चार ठशांच्या भरवशावर. म्हणून टायर घेताना पकड, आवाज आणि ओल्या रस्त्यावरची वागणूक यांचा हिशेब मांडावा.

हे गुण एकत्र मिळणे कठीण. मऊ रबर रस्ता घट्ट धरते, पण लवकर झिजते. रुंद खाचा पाणी बाहेर फेकतात. मोठ्या ठोकळ्यांची नक्षी मात्र डांबरावर घोंघावते. रांगडे दिसणारे टायर चिखलात कामाचे, ओल्या डांबरावर बहुधा उणे पडतात. आपल्या भागात थोडा आवाज सोसावा, ओल्यातली पकड सोडू नये.

केंद्र सरकारने 2022 मध्ये ओली पकड आणि आवाज यांची किमान मानके लागू केली. नव्या रचनेच्या टायरना ती 1 ऑक्टोबर 2022 पासून बंधनकारक झाली. पण ही परीक्षा नव्या टायरची. झिजलेल्याची परीक्षा आपणच घ्यायची. मोटारीसाठी खाचेची कायदेशीर किमान खोली 1.6 मिलिमीटर आहे. मुसळधार पावसात ती अपुरी पडते. 3 मिलिमीटरवर आल्या की बदला. दोनच नवे घेतले तर मागच्या चाकांना बसवा. वेग 40 वरून 80 केला, की ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते, हेही लक्षात असू द्या. मृग लागण्याआधी एकदा खाली वाकून चारही टायर तपासा.