कस्तुरबांनी मागून घेतलेला तुरुंग

(कस्तुरबा गांधी यांच्या पुण्यतिथीस महिला मंडळाच्या सभेत आम्ही केलेले भाषण.)



आज २२ फेब्रुवारी. १९४४ साली याच तारखेस, महाशिवरात्रीच्या सायंकाळी, पुण्याच्या आगाखान राजवाड्यात कस्तुरबांनी देह ठेवला. दरवर्षी या दिवशी तसबिरीस हार पडतो आणि कोणी वक्ता उठून सांगतो की, बा म्हणजे बापूंची सावली! आम्हीही पूर्वी असली भाषणे ठोकली आहेत, हे येथे कबूल केले पाहिजे. परंतु त्यांचे चरित्र बारकाईने वाचू लागलो तेव्हा आमची आम्हांसच लाज वाटली. सावलीस स्वतःचे मत नसते. बांना ते होते, आणि प्रसंग पडला तेव्हा त्यांनी ते पतीच्या तोंडावर ऐकविले होते.

१९१३ सालची गोष्ट घ्या. १४ मार्च रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, ख्रिस्ती विधीने न झालेला व रीतसर न नोंदलेला विवाह कायद्यास मान्य नाही. एका फटक्यासरशी त्या देशातील हिंदू, मुसलमान, पारशी स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने कोणाच्याच पत्नी उरल्या नाहीत, आणि त्यांच्या लेकरांच्या वारसाहक्कावर पाणी पडले. तेराव्या वर्षी बोहल्यावर चढलेली, चार मुलगे वाढविलेली कस्तुरबाही त्यांतलीच एक!

गांधीजींनी ठरविले की, या लढ्यात आता स्त्रियांनी उतरावे. फिनिक्स आश्रमातील भगिनींशी त्यांनी बोलणे काढले. कस्तुरबांना मात्र विचारले नाही. पतीच्या भिडेखातर ही हो म्हणेल आणि कोर्टात उभी राहिल्यावर डगमगेल, अशी त्यांना धास्ती होती. बांच्या कानी ते बोलणे पडले. त्या पुढे येऊन म्हणाल्या की, मला का वगळता? तुरुंगास अपात्र ठरावे असे माझ्यात काय उणे आहे? आणि न सोसवून मी माफी मागून सुटून आले, तर माझ्याशी काही संबंध ठेवू नका! ही हकिकत गांधीजींनीच लिहून ठेवली आहे, हा त्यांचा मोठेपणा. तरीही आम्ही विचारतो, या प्रसंगी सावली कोण आणि चालणारा कोण?

सप्टेंबरात फिनिक्सची सोळा जणांची तुकडी निघाली. तीत चार स्त्रिया. नाताळची हद्द ओलांडून त्या परवान्याविना ट्रान्सवालमध्ये शिरल्या आणि २३ सप्टेंबर रोजी तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा घेऊन मॅरित्झबर्गच्या तुरुंगात गेल्या. आहाराच्या नियमापायी तेथे बांची उपासमार झाली. डिसेंबरात त्या बाहेर आल्या त्या हाडांचा सापळा होऊन. त्या लढ्यातील वळ्ळीअम्मा ही सोळा वर्षांची तमिळ मुलगी तर तुरुंगातून ताप घेऊनच सुटली आणि १९१४ च्या २२ फेब्रुवारीस गेली. तारीख ध्यानात घ्या, आजचीच! त्याच वर्षी कायदा झाला व आमच्या पद्धतीच्या विवाहांना मान्यता मिळाली.

असल्या स्त्रीचा संसार कसा चालला असेल? १८९८ साली दरबानच्या घरी एका पंचम जातीच्या ख्रिस्ती कारकुनाचे मूत्रपात्र उचलण्यावरून पतीने त्यांना हात धरून फाटकापर्यंत ओढत नेले. परक्या मुलखात मी जाऊ कोठे, तुम्हांला जनाची लाज नाही काय, ते फाटक लावून घ्या, असे बांनी सुनावले तेव्हा गांधीजी शुद्धीवर आले. येथे न्याय दोहींकडे वाटलेला आहे. अस्पृश्यतेचा विटाळ मानण्यात बांची चूक होती. हात धरून ओढण्यात पतीची. बांनी आपली चूक पुढे टाकून दिली आणि आश्रमात अस्पृश्य कन्या लक्ष्मीचे संगोपन केले. परंतु १९०१ साली नाताळ सोडताना भेट मिळालेला सुवर्णहार गांधीजींनी सार्वजनिक कार्यास द्यायला काढला, तेव्हा बांनी विचारले होते की, तुमच्या सेवेत माझे राबणे नाही काय? हार शेवटी विश्वस्त निधीत गेला. तो गेला हे उत्तमच झाले. पण त्या प्रश्नाचे उत्तर त्यांना कोणी दिले, असे आम्हांस दिसत नाही. पुढे १९२९ साली कोणी पाहुण्यांनी दिलेले चार रुपये त्यांनी जवळ ठेवले, म्हणून ‘नवजीवन’ पत्रात पतीनेच ती गोष्ट जगजाहीर केली. भगिनींनो, आम्ही संपादकीचा धंदा करतो. आमच्या पत्नीविषयी असे चार ओळींचे स्फुट लिहिण्याची छाती आम्हांस व्हावयाची नाही, आणि झाली तर घरी जेवण मिळावयाचे नाही! बा मात्र त्यानंतरही आश्रमातच राहिल्या. १९३९ साली सत्तरीच्या उंबरठ्यावर राजकोट संस्थानातही त्यांनी कैद पत्करली.

शेवटचा तुरुंग आमच्या महाराष्ट्रातला. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे गांधीजींना पकडले. सायंकाळी मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्यांची सभा होती. ती आता मी घेईन, असे बांनी सांगितले आणि सरकारने त्यांनाही अटक केली. आधी आर्थर रोड, मग आगाखान राजवाडा. सहा दिवसांत, १५ ऑगस्ट रोजी, पुत्रासारखे महादेवभाई देसाई डोळ्यांदेखत गेले.

त्या कैदेत गांधीजी त्यांना लेखन, वाचन, भूगोल शिकवीत. वय चौऱ्याहत्तर! बांनी एक वही मागितली. अक्षर सुधारेपर्यंत सुट्या कागदांवर लिही, असे गांधीजी म्हणाले. बांच्या मनाला ते लागले. पुढे वही आली. बांनी ती वापरली नाही. आफ्रिकेच्या तुरुंगाची मागणी करणारी तीच ही बाई, हे आम्हांस त्या कोऱ्या वहीवरून ओळखू येते.

हृदयविकार बळावला. पेनिसिलिन आले, पण टोचण्या नकोत असे ठरले. बांचा प्राण गेला तो गांधीजींच्या मांडीवर. पतीने कातलेल्या सुताची साडी नेसवून दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या आवारातच, महादेवभाईंच्या समाधीशेजारी, त्यांना अग्नी दिला. बाहेर अंत्ययात्रा निघू दिली नाही. चिता पूर्ण जळेपर्यंत गांधीजी तेथून हलले नाहीत. ६ मे १९४४ रोजी त्यांची सुटका झाली. त्या सकाळी ते आधी त्या दोन समाधींपाशी गेले, आणि मग फाटकाबाहेर पडले.