न बोलणारा चित्रपट आणि आपण प्रेक्षक



आजचा विषय चित्रपटाचा असला, तरी नटनट्यांविषयी आम्ही काही सांगणार नाही. आम्ही बोलणार आहोत ते तिकीट काढून अंधारात बसणाऱ्या माणसाविषयी, म्हणजे तुमच्याआमच्याविषयी. चित्रपटावर टीका करणारे पुष्कळ आहेत. प्रेक्षकाला मात्र कोणी काही विचारत नाही, कारण पैसे त्याने मोजलेले असतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या चित्रपट मंडळाने एका रविवारी सकाळी सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ दाखवला. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ बसले होते. वीसेक मिनिटे झाली असतील नसतील, ते आमच्या कानाशी लागून म्हणाले, “अहो, गोष्ट केव्हा सुरू व्हायची?” खरे सांगावयाचे तर हाच प्रश्न आमच्याही मनात घोळत होता, विचारण्याचा धीर त्यांनी केला, एवढेच. पडद्यावर एक वाकलेली म्हातारी बोटे चाटून जेवत होती. मिठाईवाला तळ्याच्या काठाने चालला होता. त्याच्यामागे दोन मुले आणि मुलांच्या मागे एक कुत्रा. यात गोष्ट ती कोठे शोधावयाची?

गोष्ट तशी चार ओळींची आहे. बंगालमधील एका खेड्यातले गरीब भिक्षुक कुटुंब. बाप हरिहर, आई सर्बजया, मुलगी दुर्गा, धाकटा अपू आणि घरातली म्हातारी इंदिर. म्हातारी मरते. बाप पैसा मिळवावयास परगावी जातो. मागे एका वादळी रात्री तापाने फणफणलेली दुर्गा जाते. यापलीकडे कथानक नाही.

परंतु ते सांगितले कसे आहे, हे पाहा. बाप परत येतो. त्याला काहीच ठाऊक नाही. परगावाहून आणलेल्या वस्तू तो एकेक करून बायकोला दाखवतो, आणि शेवटी दुर्गेसाठी आणलेली साडी तिच्या हाती देतो. इतका वेळ गप्प असलेली ती माउली कोसळते. तिचे तोंड उघडलेले आपल्याला दिसते, पण आवाज ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा आर्त सूर उठतो. रविशंकरांचे हे संगीत आहे. आईचा हंबरडा दिग्दर्शकाने आपल्याला ऐकवला नाही, म्हणून ज्याने त्याने आपल्या घरी कधीकाळी ऐकलेला हंबरडा तेथे ऐकला.

आणखी एक प्रसंग. शेजारणीच्या मुलीची मण्यांची माळ चोरल्याचा आळ दुर्गेवर आलेला असतो. त्यापायी आईने तिला केस धरून बडवलेलेही असते. ती गेल्यावर घर सोडण्याची बांधाबांध चालू असताना ती माळ अपूच्या हाती लागते. तो कोणाला काही सांगत नाही. धावत जाऊन तळ्यात फेकून देतो. पाण्यावरचे शेवाळ क्षणभर दुभंगते आणि हळूहळू पुन्हा मिटते. भाऊ बहिणीची अब्रू झाकतो, हे एका शब्दाशिवाय सांगितले गेले. त्या वेळी आमचे शेजारी खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

या चित्रपटाला प्रेक्षक कसे मिळाले, तेही ऐकण्यासारखे आहे. राय जाहिरातीच्या धंद्यात नोकरी करीत होते. 1952 साली त्यांनी सुट्टीच्या दिवशी चित्रण सुरू केले. पैसा संपला तेव्हा पुस्तके विकली, पत्नीचे दागिने गहाण पडले. अखेर पश्चिम बंगालच्या सरकारने मदत केली म्हणून काम तडीस गेले. 26 ऑगस्ट 1955 रोजी कलकत्त्यात तो लागला, तेव्हा पहिल्या दिवसांत खुर्च्या रिकाम्या होत्या. मग पाहून आलेल्यांनी घरी, कचेरीत सांगितले आणि एकदोन आठवड्यांत चित्रगृह भरू लागले. ठरलेली मुदत संपल्यावर ते सोडावे लागले, तर दुसऱ्या चित्रगृहात तो पुन्हा चालला. 1956 साली कानच्या महोत्सवातही पहिल्या खेळाला गर्दी नव्हती; काही समीक्षकांनी आग्रह धरून तो पुन्हा दाखवावयास लावला आणि मानवी जीवनाचा उत्कृष्ट दस्तऐवज म्हणून त्याचा गौरव झाला. 1958 साली न्यूयॉर्कमध्ये तेथील एका मोठ्या वृत्तपत्राच्या टीकाकाराला त्याची बांधणी विसकळीत वाटली. तरी लोक महिनोन्महिने जात राहिले.

विरोधही झाला. दारिद्र्याचे प्रदर्शन परदेशात मांडले, असा आक्षेप 1980 साली नर्गिस यांनी रायांच्या चित्रपटांवर घेतला होता. या आक्षेपाला तुच्छ लेखू नये. आपल्या घरचे फाटके परक्यांना दिसू नये, ही भावना आपल्या सर्वांचीच आहे. पण मिठाईवाल्यामागे धावणाऱ्या त्या मुलांच्या तोंडावर जो आनंद आहे, तो दारिद्र्यापेक्षा लहान आहे काय? ज्याला केवळ फाटके दिसले, त्याने अर्धेच चित्र पाहिले असे आम्हाला वाटते.

आता कोणी म्हणेल, संथ ते सगळेच थोर काय? मुळीच नाही. सांगण्यासारखे काही नसल्यामुळे गप्प बसणारा आणि सांगण्यासारखे फार असल्यामुळे गप्प बसणारा, हे दोघे वरून सारखेच दिसतात. कंटाळवाण्या चित्रपटाला कंटाळवाणा म्हणण्याचा प्रेक्षकाला पूर्ण अधिकार आहे. आमचे म्हणणे इतकेच, की हा निवाडा विसाव्या मिनिटाला देऊ नये. पहिल्या आठवड्यात चित्रगृह रिकामे राहिले तर दुसरा आठवडा येतच नाही, आणि आपण चुकलो हे कळण्याची संधीही मग उरत नाही.

2004 साली मराठीत ‘श्वास’ आला. शस्त्रक्रियेने नातवाची दृष्टी जाणार. आदल्या दिवशी आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर नेऊन शहर दाखवतात, इतकीच त्याची गोष्ट. ‘श्यामची आई’ला सुवर्णपदक मिळाले ते 1954 साली, त्यानंतर पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटाला तो सर्वोच्च राष्ट्रीय मान पुन्हा मिळाला. तो ऑस्करला निघाला तेव्हा सामान्य लोकांनी वर्गण्या गोळा केल्या. तेव्हा मराठी माणसाला शांत चित्रपट पचत नाही, हे म्हणणे खरे नव्हे. त्याला सवय सुटली आहे, एवढेच.

आता त्या गृहस्थांविषयी सांगतो आणि थांबतो. खेळ संपल्यावर ते एक शब्द न बोलता निघून गेले. आम्हाला वाटले, रागावले. दोनतीन दिवसांनी मंडईत गाठ पडली. हातातली पिशवी खाली ठेवून ते म्हणाले, “मला एक थोरली बहीण होती. ती गेल्यावर वडिलांनी घरात तिचे नाव कोणाला काढू दिले नाही. साठ वर्षे झाली. परवा रात्री मी मुलांना तिच्याबद्दल सांगितले.” मग त्यांनी पिशवी उचलली आणि मेथीचा भाव विचारावयास पुढे गेले.

गोष्ट केव्हा सुरू व्हायची, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनाच घरी मिळाले होते.