पडद्यावरचा समुद्र
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)





नवे तंत्रज्ञान आणि उद्याचे जीवन या विषयावर मी बोलावे, अशी सूचना संस्थेच्या चालकांनी केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. माझी उमेद बोटीवर गेली. निवृत्तीनंतर काही वर्षे नौकानयनाच्या विद्यार्थ्यांना शिकवले, एवढाच माझा अधिकार. पण मग वाटले, की ज्याला आज 'आभासी जग' म्हणतात, त्यात मी पूर्वीच जाऊन आलो आहे आणि अनेक मुलांना तेथे नेऊन सुखरूप परत आणले आहे. तेव्हा ऐकीव गोष्टींपेक्षा तेच सांगावे.

कोकणातल्या मुसलमान घरांना समुद्र नवा नाही. खलाशी, टंडेल, सारंग हे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या नावांना चिकटलेले आहेत. त्या काळी मिसरूड फुटण्याआधीच मुलगा मामाच्या किंवा चाचाच्या ओळखीने मुंबई गाठी आणि बोटीवर चढे. काम शिकायचे ते पाण्यावरच, आणि चूक झाली तर तिची शिक्षाही तेथेच. काहींची चूक त्यांच्यासोबतच समुद्राच्या तळाशी गेली.

आज बोटीवर अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या मुलाला आम्ही आधी एका खोलीत नेतो. तिला सिम्युलेटर म्हणतात. खोलीत सुकाणू, होकायंत्र, रडार, इंजिनाला हुकूम देण्याचा दांडा, सारे खऱ्यासारखे असते. खिडक्यांच्या जागी पडदे असतात आणि त्या पडद्यांवर समुद्र. खोली जागची हलत नाही. पण पडद्यावर लाट उसळली, की नवखा मुलगा तोल सावरायला कठडा धरतो! शेजारच्या खोलीत शिक्षक बसलेला असतो. तो एक बटण दाबून धुके आणतो, दुसरे दाबून इंजिन बंद पाडतो, भर रात्री समोर मच्छीमारांच्या होड्या आणून ठेवतो. मुलगा गोंधळतो आणि बोट आदळते. कोणी मरत नाही. पुन्हा सुरुवात करायची. नाविकांच्या शिक्षणासंबंधी १९७८ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात १९९५ मध्ये दुरुस्ती झाली आणि रडारचे शिक्षण अशा यंत्रावर घेणे बंधनकारक ठरले.

ही कल्पना बोटवाल्यांची नव्हे, विमानवाल्यांची. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा एक तरुण होता. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. आपल्या बाजाच्या पेटीला जसा भाता असतो, तसेच भाते वापरून १९२९ साली त्याने जमिनीवरच डोलणारे, झुकणारे खोटे विमान तयार केले. लोकांनी ते जत्रेतले खेळणे मानले. पुढे १९३४ साली टपाल वाहून नेताना खराब हवेत अमेरिकन लष्कराचे वैमानिक मृत्युमुखी पडू लागले, तेव्हा त्याच लष्कराने ही यंत्रे विकत घेतली. १९६८ साली आयव्हन सदरलँड या शास्त्रज्ञाने डोक्यावर चढवायचा पडदा तयार केला. मान वळवली, की पडद्यावरचे चित्रही त्याप्रमाणे फिरे. ते यंत्र इतके जड होते, की छताला टांगावे लागे. आज तसेच यंत्र चष्म्यासारखे चढवता येते. २००३ साली 'सेकंड लाइफ' नावाचे जग संगणकावर उघडले, त्यात माणसे खोट्या देहाने हिंडू-फिरू लागली, जमिनी विकत घेऊ लागली. २०२१ साली फेसबुक कंपनीने तर आपले नावच बदलून 'मेटा' केले, कारण पुढचा काळ अशा जगांचा आहे असे तिने मानले. तिचा अंदाज कितपत खरा ठरेल ते काळ ठरवील. परंतु दिशा स्पष्ट आहे. डॉक्टर होणारी मुलगी रुग्णाला हात लावण्यापूर्वी पडद्यावर शस्त्रक्रियेचा सराव करील. ज्या गावच्या शाळेत प्रयोगशाळा नाही, तेथील मुलगा पडद्यावर प्रयोग पाहील. आखातात नोकरी करणारा बाप रोज रात्री मोबाइलवर मुलांशी समोरासमोर बोलतो, हा तर आपल्या घराघरांतला अनुभव आहे. माझ्या तरुणपणी पत्राला महिना लागे.

मग आपण घाबरतो कशाला? घाबरावे अशी एक गोष्ट आहे, आणि आज मला मुख्यतः तीच सांगायची आहे.

सिम्युलेटरमधला धडा पडदा मालवल्यावर सुरू होतो. मुलगा खोलीतून बाहेर येतो, शिक्षक त्याला बसवतो, बोटीचा सारा मार्ग पुन्हा उलगडून दाखवतो आणि विचारतो, "येथे तू उजवीकडे का वळलास? येथे वेग कमी का केला नाहीस? ही होडी तुला दिसली होती का?" मुलाला उत्तर द्यावे लागते. खरे शिक्षण ते. ही विचारपूस वगळली, तर लाखो रुपयांचे ते यंत्र आणि जत्रेतला पाळणा यांत काही फरक उरत नाही.

आता आपल्या घराकडे पाहा. मुलगा मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतो. तोही एका जगात जाऊन येतो. तेथे तो लढतो, हरतो, अनोळखी माणसांशी बोलतो, कधी पैसेही घालवतो. दोन तासांनी परत येतो, तेव्हा त्याला कोण विचारते, "बेटा, कोठे गेला होतास? काय पाहिलेस? कोण भेटले?" आपण विचारतो ते एवढेच, की "अजून किती वेळ?" किंवा हात उगारून मोबाइल हिसकावून घेतो. यंत्र तेच, पडदा तोच; विचारणारा मात्र नाही. आभासी जगाचा मोठा धोका मला हाच वाटतो.

दुसरी गोष्ट पडद्यावर विश्वास ठेवण्याची. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, धुक्यात, 'आंद्रिया डोरिया' ही इटालियन बोट आणि 'स्टॉकहोम' ही स्वीडिश बोट एकमेकींवर आदळल्या. ५१ माणसे गेली. दोन्ही बोटींवर रडार होते आणि दोघींनीही एकमेकींना पडद्यावर आधीच पाहिले होते! एकीने धरले, की आपण परस्परांच्या उजव्या अंगाने जाऊ. दुसरीने धरले, की डाव्या अंगाने. पडद्यावर ठिपका दिसला म्हणजे सत्य कळले असे नव्हे. बोटींची टक्कर टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले, त्यांत म्हणूनच बजावले आहे, की डोळे आणि कान उघडे ठेवून पहारा करा आणि अपुऱ्या माहितीवरून अनुमान बांधू नका. मुसलमानाला हा नियम परका वाटू नये. कोणी बातमी आणली तर आधी तिची छाननी करा, असा आदेश कुरआन शरीफात सूरह हुजुरातमध्ये आहेच.

आज ही छाननी किती गरजेची झाली आहे पाहा. गेल्या काही वर्षांत 'डिजिटल अरेस्ट' नावाचा ठगबाजीचा प्रकार पसरला आहे. मोबाइलवर चित्रासह फोन येतो. समोर पोलिसाचा गणवेश, मागे कचेरीचा देखावा. "तुमच्या नावावर गुन्हा आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका," असे धमकावून चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांकडून आयुष्याची पुंजी काढून घेतात. ते पोलीस ठाणेही आभासीच. आपल्या कायद्यात अशी अटक नाही, हे प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे. आणि पैसे गेलेच तर शरमेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार केली पाहिजे. ज्या घरातली पुरुषमाणसे परदेशी आहेत आणि बँकेचा व्यवहार एकटी आई सांभाळते, त्या घरांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. आता यंत्राने नकली आवाजही काढता येतो. "अम्मी, मी अडचणीत आहे, पैसे पाठव," असा मुलाचा आवाज आला, तरी फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. नाविकाचा नियम तोच आहे : एका ठिपक्यावर विसंबू नका.

पालकांना माझी तिसरी विनंती थोडी कडू लागेल. पुष्कळ घरांत मोबाइल एक असतो आणि तो मुलाच्या हातात जातो. मुलीला सांगतात, "तुला काय करायचाय? बिघडशील." पण उद्याची प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि नोकरीचा अर्ज जर त्याच पडद्यावर असेल, तर मुलीला पडद्यापासून दूर ठेवणे म्हणजे तिला शाळेतून काढण्यासारखेच आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी मुलींच्या शाळांसाठी दारोदार वर्गणी मागितली, ती याकरिता नव्हे. वेळ ठरवून द्या, नियम घाला. पण नियम दोघांना सारखा असू द्या, आणि परत आल्यावर विचारपूसही दोघांची करा.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही एकच सांगणे. सिम्युलेटरमध्ये दोन माणसे असतात. एक सुकाणूपाशी उभा राहून समोर येईल त्याला तोंड देतो; दुसरा शेजारच्या खोलीत बसून धुके केव्हा आणायचे ते ठरवतो. मोबाइलमागेही अशी दुसरी खोली आहे. तुम्ही काय पाहावे, किती वेळ पाहावे, हे तेथे बसलेली माणसे ठरवतात. तुम्ही गणित शिका, विज्ञान शिका, भाषा शिका आणि कधीतरी त्या दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. तेथे गेल्यावर मात्र, पलीकडे सुकाणूवर कोणाचे तरी मूल आहे, याचा विसर पडू देऊ नका.

आणि मातापित्यांनो, आज घरी गेल्यावर मूल पडद्यापासून उठेल, तेव्हा मोबाइल हिसकावू नका. शेजारी बसवा आणि विचारा, "कोठे गेला होतास, बेटा?" पहिल्या दिवशी उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो आणि सुखरूप किनाऱ्याला लावो. आमीन.

खुदा हाफिज. जय हिंद.