आपल्या पणजोबांचं नाव कुणी लिहिलं?

(रामनगर, वाराणसी इथे मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावाकडच्या पूर्वजाचा शोध कसा घ्यायचा, हा आजचा विषय. आपण बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. आजोबांचं नाव आपल्याला ठाऊक असतं, पणजोबांचं क्वचित, आणि पणजीचं विचारायचंच राहून गेलेलं असतं. याचं कारण आपली माणसं विसराळू होती, असं नाही. कुणाची नोंद कुणी ठेवायची, हे जातीने ठरवलं होतं.

गंगेच्या पलीकडच्या काठाकडे पाहा. तिथल्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या वह्या आहेत. गाव आणि कुळ सांगितलं की पिढ्यांची नावं निघतात. महाराष्ट्रात अनेक ब्राह्मण घराण्यांचे कुलवृत्तान्त छापून झालेत. यात्रेला यायला पैसा लागतो, सवड लागते आणि मान लागतो. हे तिन्ही ज्याच्याकडे नव्हतं, त्याला अशा वहीत शोधणं अवघड आहे.

पण याच बनारस भागातली दुसरी एक नोंद आहे. १८३४ पासून मॉरिशसला, १८४५ पासून त्रिनिदादला, १८७३ पासून सुरिनामला आणि १८७९ पासून फिजीला गिरमिटिया मजूर गेले. त्यांत इकडच्या जिल्ह्यांतली माणसं मोठ्या संख्येने होती, चमार आणि इतर कष्टकरी जातींची होती. कलकत्त्याला जहाजात चढण्याआधी प्रत्येकाचा पास तयार व्हायचा. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूण. आज त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतली माणसं तो पास घेऊन इथली गावं शोधत येतात. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या कोकणातल्या मराठी मजुरांच्या नोंदीही मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत.

या पासात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाईचा पास वेगळा असायचा. त्यावर तिचं नाव, तिचं गाव, तिच्या अंगावरची खूण. कुलवृत्तान्तात बाई कुणाची तरी बायको किंवा आई म्हणून येते. इथे ती स्वतःच्या नावाने येते.

अर्थात, हा कागद तिच्या भल्यासाठी केलेला नव्हता. मळ्यावर मजुराची ओळख पटावी, हिशेब लागावा म्हणून तो केला. जात कारकुनाने ऐकली तशी लिहिली, आणि काहींनी मुद्दाम वेगळीच सांगितली. म्हणून असा कागद वाचताना दोन प्रश्न सोबत ठेवा: हा कुणी लिहिला, आणि कशासाठी? आपला माणूस सापडतो तो बहुतेक वेळा त्याच्याकडून काम करून घेणाऱ्याच्या दप्तरात.

महाराष्ट्रातही हेच. महारवतनाने आपल्या लोकांना गावकीला बांधून ठेवलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं ते यासाठीच. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली आला. पण वतन वारसाहक्काने चालायचं, त्यामुळे त्याच्या कागदात बाप-लेकांची नावं राहिली. ज्या दोरीने बांधलं, तीच दोरी धरून आज मागे जाता येतं. जुन्या नावाच्या शेवटी ‘नाक’ दिसलं तर थांबा, ते महारांमधलं नाव असण्याची शक्यता मोठी आहे. मग कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, यातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. माझ्या आजीच्या जन्माच्या नोंदीत बापाचं नाव, जात आणि ‘मुलगी’ एवढंच आहे. तिचं नाव नाही.

इतरांसाठी हा शोध हौसेचा असेल. आपल्यासाठी त्यावर प्रवेश, शिष्यवृत्ती आणि नोकरी अवलंबून असते. जात पडताळणीला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावर टाकली आहे. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्याच नातवंडांकडे आजोबांचा शाळेचा दाखला मागितला जातो. पालावर राहणाऱ्याने १९६१ चा कागद कुठून आणायचा?

आडनावाचंही तसंच. इथे रामनगरात लालबहादूर शास्त्रींचं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. त्यांनी श्रीवास्तव हे जातीचं आडनाव सोडलं आणि पुढे मिळालेली पदवी नावाला जोडली. आपल्या घरात कुणी आडनाव बदललं, की पुढच्या पिढीला प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि चौकशी पुरते.

म्हणून आजच कामाला लागा. आधी आजीशी बोला. तिला सन विचारू नका. बहात्तरच्या दुष्काळात कुठे खडी फोडत होतीस, तेव्हा कडेवर कोण होतं, हे विचारा. तिचं माहेर, तिच्या आईचं नाव लिहून घ्या. मग चुलत्यांच्या घरातले जुने दाखले, मग गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर, मग तहसील कचेरीत कोतवाल बुकाची नक्कल. भावकीत कुणाची पडताळणी झाली असेल तर तो कागद मागून ठेवा. जे मिळेल त्याच्या प्रती सगळ्या भावंडांना द्या. एकाने काढलेली नक्कल दहा जणांची फी आणि वर्ष वाचवते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये एका मुलाचं नाव चढलं: भिवा रामजी आंबेडकर. कूळ सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ती एक ओळ आज आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरी करतो. आपल्या घरातलीही अशी एक ओळ कुठल्यातरी गावच्या रजिस्टरमध्ये, पिवळ्या पडलेल्या पानावर आहे. पान फाटण्याआधी तिथे पोहोचा. आणि पुढची वही आपण लिहू, तेव्हा तिच्यात पणजीचं नाव घालायला विसरू नका.

जय भीम. जय सावित्री.