पाच गणपती, सहा बोटी, दोन भट्ट्या

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



'कोकणातले पाच गणपती' या विषयावर बोला, असा आम्हाला निरोप आला तेव्हा आम्ही होकार दिला, पण एक अट घातली. आमच्या सहलीत पाच गणपती होते, सहा बोटी होत्या आणि दोन दारूच्या भट्ट्याही होत्या. सांगायचे तर सगळे सांगू, नाहीतर काहीच नको. कार्यकारिणीने दोन दिवस विचार केला आणि परवानगी दिली. त्याबद्दल आधी आभार.

आम्ही एकूण सहा जण होतो. दोन जोडपी, आपल्या मंडळातल्या एक ताई आणि त्यांचा तेवीस वर्षांचा भाचा. गाडी त्याच्याच हाती होती. एप्रिलचा पहिला आठवडा. सुरतेहून मुंबई आणि तिथून समुद्राच्या काठाकाठाने गोवा, असा बेत.

बेताचे मूळ एका गप्पांत होते. आमच्यापैकी एकाचा मुलगा परदेशात असतो. त्याने सांगितले की स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लोक शिडाच्या बोटीने आठ-आठ दिवस बेटांमधून हिंडतात आणि वाटेत व्हिस्कीच्या भट्ट्या पाहतात. ओबानची भट्टी १७९४ची, मल बेटावरच्या टोबरमोरीची १७९८ची. आयला बेटावर लागाव्हुलिनसारख्या भट्ट्या तर अगदी पाण्यालगत आहेत. त्या तिथे उभ्या राहिल्या त्याचे कारण सृष्टिसौंदर्य नव्हे. रस्ते नव्हते. धान्य आणि कोळसा जहाजाने यायचा आणि भरलेली पिंपे जहाजानेच जायची. आज त्याच धक्क्यांवर पर्यटक उतरतात.

हे ऐकून आम्ही म्हटले, किनारा तर आपल्यालाही आहे. शिडाची बोट आपल्या खिशाला झेपणार नाही, पण गाडीसकट माणसे नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. आणि भट्टी गोव्यात आहे. मग अडले कुठे?

पहिली बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी. मार्च २०२०पासून ही रो-रो सेवा सुरू आहे, गाडी पोटात घालून तासाभरात पलीकडे सोडते. ज्यांची मुळे कोकणात आहेत त्यांना भाऊचा धक्का म्हटले की जुनी कोकण बोट आठवते. याच पाण्यात १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. वरच्या डेकवर आमच्या वडीलधाऱ्यांनी हात जोडले.

पुढे अलिबाग, मुरूड. दुसरी बोट आगरदांडा ते दिघी. तिथून दिवेआगर. इथला सुवर्णगणेश १९९७ साली सुपारीच्या बागेत जमिनीखाली सापडला, २०१२ साली चोरीला गेला आणि २०२१ साली पुन्हा बसवला गेला. तिसरी बोट बागमांडला ते वेश्वी, सावित्रीच्या मुखाशी. मग आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, उजव्या सोंडेचा. वरून सुवर्णदुर्ग दिसतो. चौथी बोट दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठीवरची. ती २००३पासून चालते आणि मोठा वळसा वाचवते. मग हेदवीचा दशभुज गणेश. पाचवी बोट तवसाळ ते जयगड आणि पुढे गणपतीपुळे, जिथे सबंध टेकडीलाच प्रदक्षिणा घालायची असते.

गणपतीपुळ्यानंतर रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. शेवटचा गणपती रेडीचा. लोखंडाच्या खाणीत १९७६ साली सापडलेली ही दोन हातांची भव्य मूर्ती. रेडीच्या पुढे तेरेखोल. सहावी बोट. पलीकडे केरी, म्हणजे गोवा.

इथवर सगळे सुरळीत होते. आता भट्ट्या.

वेंगुर्ल्यापासूनच काजूचा वास येत होता. एप्रिलमध्ये झाडाखाली पिवळ्या-लाल बोंडूंचा सडा असतो. वेंगुर्ल्याला १९५७पासून फळ संशोधन केंद्र आहे, तिथल्या काजूच्या जाती देशभर लावल्या जातात. पण बी काढून घेतली की बराचसा बोंडू झाडाखाली कुजतो. तेरेखोल ओलांडली की त्याच बोंडूला किंमत येते, कारण पलीकडे त्याची फेणी होते. माती तीच, झाड तेच. मधल्या पाण्याने कायदा बदलतो. आपण गुजरातमधल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. दमण आपल्यापासून किती दूर आहे ते इथल्या प्रत्येक तरुणाला पाठ आहे.

पेडणे तालुक्यात एका काजूच्या बागेत पहिली भट्टी पाहिली. बोंडू तुडवून रस काढतात, तो आंबू देतात आणि मग तांब्याच्या भांड्यात लाकडाच्या आगीवर चढवतात. पहिल्या वाफेची होते हुर्राक, ती सौम्य आणि फक्त हंगामातली. ती पुन्हा चढवली की फेणी. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि गोवा सरकारने २०१६ साली तिला राज्याचे वारसा पेय ठरवले.

आमच्या ताई मात्र गाडीतून उतरेनात. त्यांचे भाऊ दारूने गेले. सुरतेत गेले, दारूबंदीच्या राज्यात. हे सांगायला ताईंची परवानगी घेतली आहे. त्यांनीच म्हटले, सांगा. आम्ही आग्रह केला नाही. पण ऊन फार होते आणि सावली भट्टीपाशीच होती, म्हणून थोड्या वेळाने त्या येऊन बसल्या.

भट्टीवाले काका साठीचे. मराठी छान बोलत होते. ताईंनी त्यांना सरळ विचारले, "तुम्ही रोज पिता का हो?"

काका म्हणाले, "भट्टीवर बसणाऱ्याने पिऊन चालत नाही, बाई. प्यायला तर वास कळत नाही, आणि आगही सांभाळता येत नाही."

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग भाच्याला म्हणाल्या, "तुझ्या बाबांना कावीळ झाली होती असं आम्ही तुला सांगत आलो. कावीळ दारूनं झाली होती. आम्ही लपवलं."

तो म्हणाला, "मला माहीत होतं, आत्या. शाळेत सगळ्यांना माहीत होतं."

त्या क्षणी काय बोलावे ते आम्हा कोणालाच सुचले नाही. काकांनी लाकडे थोडी मागे ओढली आणि सगळ्यांना पाणी दिले.

दुसऱ्या दिवशी दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला गेलो. पोर्तुगीजांविरुद्ध १५८३ साली उठाव करणारे हे गाव. इथे पॉल जॉन ही व्हिस्की तयार होते, जी २०१२ साली आधी लंडनच्या बाजारात उतरली. कारखाना दाखवण्याची व्यवस्था चोख आहे. जव भिजवून मोड आणतात, वाळवतात, दळतात, गरम पाण्यात गोडवा उतरवतात, यीस्ट घालून आंबवतात आणि तांब्याच्या उंच भांड्यांतून दोनदा ऊर्ध्वपातन करतात. पहिली धार आणि शेवटची धार बाजूला काढायची, फक्त मधली ठेवायची. मग ओक लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षे झाकून ठेवायची. स्कॉटलंडचा कायदा किमान तीन वर्षे सांगतो.

पिंपातून थोडी व्हिस्की दरवर्षी उडून जाते. तिला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत ती वर्षाला साधारण २ टक्के, गोव्याच्या उकाड्यात ८ टक्क्यांच्या आसपास. आमच्यातल्या निवृत्त बँकवाल्यांनी लगेच हिशेब केला: शंभर लिटर ठेवले तर सहा वर्षांनी साठच उरतात. उलटे चक्रवाढ व्याज! उष्णतेने माल लवकर पिकतो, पण लवकर उडतोही.

आणखी एक गोष्ट तिथे कळली. आपल्या देशात व्हिस्की म्हणून विकला जाणारा बराचसा माल जवाचा नसतोच. उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काचा त्यात मोठा भाग असतो, आणि युरोपात त्याला व्हिस्की म्हणत नाहीत. बारडोली-चलथाणच्या साखरपट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला मळी म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

शेवटी चव घेण्याची खोली. दोघांनी घेतली, तिघांनी नुसता वास घेतला. भाच्याने ग्लास उचलून रंग पाहिला आणि खाली ठेवला, म्हणाला, "गाडी माझ्याकडे आहे." ताई या वेळी आमच्याबरोबर आत होत्या.

मंडळी, आपल्या सुरतेचा या विषयाशी संबंध आजचा नाही. सुवाळीच्या बंदरात इंग्रजांची जहाजे लागत. १६३८ साली आलेल्या मँडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने इथल्या इंग्रजांच्या मद्य, गुलाबपाणी, लिंबू आणि साखर घातलेल्या पेयाची नोंद केली आहे. ते म्हणजे 'पंच', आणि हा शब्द आपल्या 'पाच'वरूनच गेला असे पुष्कळ कोशकार मानतात. त्याही आधी टॉम कोर्याट नावाचा इंग्रज बहुतेक वाट पायी तुडवत हिंदुस्थानात आला. १६१७च्या डिसेंबरात तो आजारी अवस्थेत सुरतेला पोचला. देशबांधवांनी प्रेमाने 'सॅक' नावाची वाइन पाजली, त्याने आजार बळावला आणि तो इथेच वारला. हजारो मैल चाललेला माणूस आग्रहाच्या पेल्याने गेला.

आम्ही दारूची तरफदारी करायला उभे नाही. गुजरातेत १९६०पासून दारूबंदी आहे आणि तिच्यामुळे कित्येक घरांतला पगार घरापर्यंत पोचतो, हे आम्ही आमच्याच गल्ल्यांत पाहिले आहे. पण २०२२च्या जुलैत बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांत विषारी रसायन पिऊन चाळीसहून अधिक माणसे गेली, तीही याच राज्यात. आणि जिथे बंदी नाही त्या मुंबईत, मालवणीला, २०१५ साली शंभरहून अधिक गेली. बंदी असो वा नसो, कायदा दुकानाच्या दारापर्यंत येतो. घरात बोलायचे काम आपलेच असते. ताईंच्या घरात ते वीस वर्षे झाले नाही, आणि आमच्याही घरांत कुठे झाले आहे? आमची मुले शनिवारी 'मित्राकडे' जातात आणि आम्ही कुठला मित्र ते विचारत नाही.

कोणाला जायचे असेल तर चार सूचना. एप्रिलचा पहिला पंधरवडा गाठा, फेणीच्या भट्ट्या तेव्हाच पेटलेल्या असतात. फेरीबोटींच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. गाडी चालवणाऱ्याने चव घ्यायची नाही, यात सवलत नाही. आणि परत येताना बाटली आणू नका, कायदा आपल्याला माहीत आहे. आम्ही वेंगुर्ल्याचे काजू आणले. आज आरतीनंतर जो प्रसाद मिळेल त्यातले काजू तेच.

ताईंचा भाचा आज मांडवाच्या दारात चपला सांभाळायला उभा आहे. परवा त्यानेच आम्हाला विचारले, "पुढच्या वर्षी माझ्या मित्रांनाही घेऊन जाऊ या का? दमणला जातात त्यांना." आम्ही हो म्हटले आहे. गाडी दुसरी करावी लागेल, एवढेच.

गणपती बाप्पा मोरया!