मैदान हेही कामाचं ठिकाणच
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक या कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या. महासंघाच्या अध्यक्षावरच लैंगिक छळाचा आरोप होता. महासंघाने क्रीडा मंत्रालयाला काय कळवलं? आमच्याकडे समिती आहे, साक्षी स्वतःच तिची सदस्य आहे आणि तक्रार एकही आलेली नाही! मग मेरी कोम यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिचा एक प्रमुख निष्कर्ष एप्रिलमध्ये मंत्रालयाने सांगितला: महासंघात कायद्याप्रमाणे स्थापन झालेली अंतर्गत समितीच नाही.

म्हणजे समिती होती ती कागदावर. तक्रार येणार कुठून?

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पोलिसांनी गुन्हा नोंदवला २८ एप्रिलला, तोही बायका सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. २०२४ मध्ये न्यायालयाने ब्रिजभूषण सिंह यांच्यावर आरोप निश्चित केले. ते त्यांनी नाकारले. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचं प्रकरण २०२५ मध्ये बंद झालं. निकाल न्यायालय देईल. मला बोलायचंय ते संघटनेबद्दल.

२०१३ च्या कायद्यात 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा, सरावाची निवासी जागासुद्धा स्पष्ट लिहिली आहे. तरी संघटनांना वाटतं, खेळाडू काही आपल्या नोकर नाहीत, हा घरातला मामला. मी एका जिल्हा संघटनेच्या सचिवांना विचारलं, तुमच्या समितीच्या अध्यक्ष कोण? म्हणाले, "ताई, सगळ्या मुली मला लेकींसारख्या. समिती कशाला?" त्याच वेळी बाहेर शिबिराची निवड यादी लागत होती. यादीवर सही त्यांचीच.

खरी गोम इथे आहे. नोकरदार बाई निदान दुसरीकडे अर्ज करू शकते. खेळाडूला दुसरा महासंघ नाही. सतरा-अठरा वर्षांची पोर तक्रार करते म्हणजे पुढची स्पर्धा पणाला लावते. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची. कारण पटलं तर आणखी तीन. तोवर शिबिर संपून मुली आपापल्या गावी गेलेल्या असतात.

समितीची अध्यक्ष बाईच हवी, निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात आणि एक सदस्य बाहेरची, स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली. ही बाहेरची जागा आपली आहे. ती बहुधा सचिवांच्या ओळखीच्या बाईंना मिळते, आणि आपण विचारायला जात नाही. मीही त्या दिवशी चहा पिऊन परत आले होते. पुढच्या महिन्यात आम्ही चौघीजणी लेखी पत्र घेऊन जाणार आहोत.